ऑपरेशननंतरची भाटी

शीळफाट्याच्या आसपास मांजरांचेही दोन समाज आहेत. शीळ-देसई गावांतली भाटी ओट्यावर झोपते, उंदरामागे धावते. पलावातल्या चौदाव्या मजल्यावरची खिडकीच्या जाळीआड दिवस काढते. नसबंदीचे दूरचे परिणाम कुणी विचारले, तर भाटी कुठल्या घरची हे आधी पाहावं.

कारण सर्वांत जास्त दिसणारा परिणाम म्हणजे वजन. अंडाशयं निघाली की भूक वाढते आणि उष्मांकांची गरज साधारण पाव हिश्श्याने उतरते. उंदीर पकडणारीला ते निभतं. फ्लॅटमधलीची वाटी भरलेलीच, वर शेजारच्या काकूंकडची सुकट. पुढे मधुमेह येतो, सांधे धरतात. अशी लठ्ठ मांजरी दोन-तीन दिवस जेवली नाही तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं; ‘रुसली असेल’ म्हणून थांबू नये. (पोटाखाली लोंबणारी कातडी मात्र अनेक मांजरांना मुळातच असते, तिचं खापर सर्जनवर फोडू नका.)

क्वचित आढळणारा, पण चांगलाच चकवणारा प्रकार वेगळा. ऑपरेशनला महिने, कधी वर्षं लोटतात आणि भाटी पुन्हा माजावर येते: रात्रभर ओरडणं, लोळणं, मागचा भाग उचलून शेपटी बाजूला करणं. अंडाशयाचा तुकडा पोटात राहिलेला असतो. उजवं अंडाशय जरा पुढे आणि खोल, तिथे हात पोचायला कष्ट पडतात. गर्भाशय काढलेलं असल्याने पिल्लं होत नाहीत, पण त्याचं टोक उरलं असेल तर त्यात पू होऊ शकतो. अशा वेळी माज दाबणारी हार्मोनची गोळी किंवा इंजेक्शन सोपं वाटतं. त्याने स्तनांतल्या गाठींचा धोका वाढतो. कुत्रीला होतो तसा लघवी गळण्याचा त्रास मांजरीत फारसा दिसत नाही.

मग ऑपरेशन करावं का? माझ्या मते करावंच, आणि लवकर. मांजरींच्या स्तनांतल्या दहापैकी आठ-नऊ गाठी कर्करोगाच्या निघतात. २००५ च्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत हा कर्करोग ९१ टक्क्यांनी कमी आढळला. दोन वर्षांनंतर केलेल्या ऑपरेशनाचा तसा फायदा दिसला नाही.

माज पुन्हा दिसलाच तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. कल्याण-शीळ रस्त्याच्या कोंडीतून दवाखान्यात पोचेपर्यंत भाटी पिशवीत गप्प झालेली असते. रक्ताच्या हार्मोन चाचणीने शंका फिटते, आणि दुसरं ऑपरेशन माजाच्या दिवसांत केलं तर फुगलेला तुकडा सर्जनला लवकर सापडतो.