कढीपत्त्यापाशी कॅमेरा

कोकणातील परसबागेत आंबा, फणस, नारळ आणि पोफळी यांच्या सावलीखाली केळ, अळू, हळद, लिंबू, कढीपत्ता आणि जास्वंद यांची दाटी असते, आणि मोरीचे सांडपाणी केळीच्या आळ्यात सोडण्याची जुनी रीत असल्याने ऐन वैशाखातही तिथला एखादा कोपरा ओला राहतो. पक्षी, कीटक आणि सरपटणारे प्राणी यांना लागणारे अन्न, पाणी व आडोसा असा काही गुंठ्यांत एकत्र आल्यामुळे या जागेत जीवांची जी वर्दळ असते, ती शेजारच्या उघड्या कातळावर किंवा एकाच पिकाच्या बागेत आढळत नाही. अभयारण्यात जाणाऱ्या छायाचित्रकाराला दुर्मीळ प्राण्याची आशा असते. परसात वावरणाऱ्याला ती फारशी नसते, परंतु तोच जीव त्याच फांदीवर दिवसामागून दिवस पाहण्याची सोय त्याला असते, आणि परसातील चांगल्या छायाचित्रणाचा सारा आधार या सोयीवर आहे.

घराभोवतीच्या जीवांकडे असे बारकाईने पाहण्याची परंपरा या प्रदेशात कॅमेरा सर्वत्र पोहोचण्याआधीची आहे. 1851 साली साताऱ्यात जन्मलेला आणि मुंबई इलाख्याच्या मीठ व जकात खात्यात नोकरी केलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हा ‘इहा’ या आद्याक्षरांनी लिहीत असे. बंगल्याच्या आवारातील बेडूक, मुंग्या, पाली आणि पाखरे यांच्यावर त्याने पुस्तके लिहिली, आणि 1883 मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी तो एक होता. त्याच्या पुस्तकांत चित्रकाराची रेखाटने होती, आज त्या जागी छायाचित्र आले आहे. निरीक्षणाची पद्धत मात्र तीच राहिली आहे.

परसातील छायाचित्रणाची सुरुवात लेन्सच्या निवडीने करण्याचा प्रघात आहे, पण वनस्पतींच्या ओळखीपासून सुरुवात करणे अधिक फलदायी ठरते. फुलपाखराची मादी कुठेही अंडी घालत नाही. अळीला खाता येईल अशाच ठरावीक झाडावर, म्हणजे तिच्या खाद्यवनस्पतीवर, ती अंडी घालते. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातील असल्याने लिंबाळी हे काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू दोन्हींच्या कोवळ्या पालवीवर एकेक फिकट पिवळे अंडे ठेवते, तर पानफुटीच्या मांसल पानांवर घातलेल्या अंड्यांतून निघणाऱ्या एका लहान फुलपाखराच्या अळ्या पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून आतला गर खातात. 2015 मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेली राणी पाकोळी, जिला नीलवंत असेही म्हणतात, तीही लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढते. फोडणीसाठी पाने खुडताना ज्या अळ्या दिसताच चिरडल्या जातात, त्यांच्यातच पुढच्या महिन्यातील उत्तम छायाचित्रे असतात, हे घरातील मंडळींना पटवून देणे तांत्रिक तयारीपेक्षा अवघड असते.

लिंबाळीची अळी पहिल्या अवस्थांमध्ये तपकिरी असून अंगावरच्या पांढऱ्या डागामुळे हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. शेवटची कात टाकल्यावर ती पानाच्या रंगाची हिरवी होते, आणि तिला डिवचले असता डोक्यामागून नारिंगी रंगाचा दुभंगलेला मऊ अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. हा अवयव टिपण्यासाठी अळीला काडीने वारंवार टोचणारे छायाचित्रकार असतात, पण एखादी मुंगी किंवा गांधीलमाशी जवळ आली की अळी तेच करते, आणि तेव्हाचे चित्र अधिक खरे असते. पुढे अळी देठाला रेशमाचा आधार करून कोशात जाते. आठ-दहा दिवसांनी कोश काळपट पडून त्याच्या सालीतून पंखांची नक्षी दिसू लागली, की बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर येते, आणि चुरगळलेले पंख ताणून वाळेपर्यंत त्याला उडता येत नाही. ज्याने कोशावर रोज नजर ठेवली आहे, त्याला हा काळ निवांत मिळतो.

अशा चित्रणाला मॅक्रो म्हणतात, म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडणारी प्रतिमा वस्तूच्या मूळ आकाराएवढी असते. एवढ्या जवळून डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे चित्रात रेखीव येणाऱ्या पट्ट्याची जाडी, लेन्सचे छिद्र बरेच लहान करून एफ/11 वर ठेवले तरी जेमतेम एक ते दीड मिलिमीटर भरते. त्यामुळे अळी समोरून टिपली तर डोके रेखीव आणि धड धूसर येते, आणि ती बाजूने, संवेदकाला समांतर ठेवून टिपली तर पूर्ण देह हाती लागतो. छिद्र आणखी लहान करण्याचा मोह व्यर्थ आहे, कारण अतिसूक्ष्म छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळेच चित्र किंचित मऊ पडते. लहान छिद्रामुळे कमी पडणारा प्रकाश फ्लॅशने भरून काढावा लागतो. फ्लॅशची शक्ती कमी ठेवली तर त्याचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या हिश्शाइतकाच टिकत असल्याने वाऱ्याने हलणारे पानही स्थिर येते. मात्र झोत उघडा न ठेवता पांढऱ्या कापडातून किंवा ट्रेसिंग पेपरमधून गाळून घ्यावा, अन्यथा भुंग्याच्या पाठीवर पांढरा चट्टा उमटतो.

छायाचित्रणाची बहुतेक पाठ्यपुस्तके थंड देशांतील असल्याने त्यांतील काही सल्ले इथे लागू पडत नाहीत. पहाटे गारठ्याने कीटक सुस्त असतात, तेव्हा त्यांच्याजवळ जावे, हा त्यांतला प्रसिद्ध सल्ला होय. परंतु कोकणात पावसाळ्यातील रात्रीही तापमान बहुधा चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास राहते आणि पहाटेचा चतुर दुपारच्या चतुराइतकाच सावध असतो. दव पडणाऱ्या पौष-माघातील सकाळीच या सल्ल्याला काही अर्थ उरतो. उन्हाचेही तसेच आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला सूर्य वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो. रत्नागिरीत मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला ‘शून्य सावली’चा दिवस असतो. त्या सुमारास उघड्या उन्हात पक्ष्याची पाठ भाजल्यासारखी पांढरी आणि पोट काळे येते, तर झाडांखाली पानांतून गाळलेल्या प्रकाशाने सगळ्यावर हिरवी झाक चढते. मृगाच्या पहिल्या सरींनंतरचे ढगाळ, धुतलेले दिवस यामुळेच परसातल्या चित्रणाला सर्वांत सोयीचे मानावे लागतात.

पक्ष्यांमध्ये शिंजीर हा प्रकाशाची परीक्षा पाहणारा पक्षी आहे. जांभळ्या शिंजिराच्या नराचा निळा-जांभळा रंग कोणत्याही रंगद्रव्यातून थेट येत नाही. त्याच्या पिसांच्या सूक्ष्म तंतूंमध्ये मेलॅनिनच्या कणांचे थर असतात आणि त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून ठरावीक कोनातच तो रंग उजळतात. कोन चुकला की तोच पक्षी कोळशासारखा काळा उमटतो, म्हणून सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असणे इथे सक्तीचे होते. शिवाय जास्वंदीवर बसलेला शिंजीर पुष्कळदा फुलाच्या तोंडाकडे फिरकतच नाही; देठाजवळ चोचीने भोक पाडून तो परागांना न शिवता मध पळवतो, आणि फुलाच्या समोर कॅमेरा रोखून बसलेल्याला केवळ त्याची शेपटी मिळते. त्याचे कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेले, दारावर छोटीशी छपरी असलेले लोंबते घरटे पडवीच्या तारेलाही सापडते. घरट्याच्या आड येणारी पाने छाटून चित्र मोकळे करणे म्हणजे कावळ्याला आणि भारद्वाजाला वाट दाखवणे होय, आणि ध्वनिमुद्रित साद वाजवून विणीच्या काळातल्या दयाळाला जवळ ओढणे हा नसलेल्या शत्रूशी त्याला झुंजवण्याचा प्रकार आहे.

सरपटणाऱ्या प्राण्यांत सरडा सर्वांत सोपा. विणीच्या हंगामात नराचे डोके आणि गळा लालभडक होतो, जोर काढल्यासारखा तो कुंपणाच्या खांबावर खालीवर होतो आणि आपली हद्द सोडत नाही. माणूस जवळ आल्यास मात्र खोडाच्या पलीकडे सरकतो. पाठलाग न करता थोडे थांबले तर तो पुन्हा त्याच खांबावर येतो. सापांच्या बाबतीत इतका निवांतपणा परवडत नाही. हिरवा, दोरीसारखा हरणटोळ अतिसौम्य विषाचा असून वाऱ्यासोबत डोलत स्थिर राहतो, त्यामुळे लांब लेन्सने दोन-तीन मीटरवरून त्याचे आडव्या बाहुलीचे डोळे टिपता येतात. खरी जोखीम खाली असते: पोफळीच्या पालापाचोळ्यात घोणस आणि जांभ्याच्या गडग्याच्या फटींत फुरसे असू शकते, आणि मॅक्रोसाठी गुडघे टेकून, कोपरे रोवून बसणारा माणूस नेमका तिथेच अंग टेकवतो. आधी काठीने पाला चाळवणे, उंच बूट घालणे आणि रात्री विजेरी वापरणे याला पर्याय नाही. दगडाखालून साप हुसकून काढणे धोक्याचे असते, आणि साप पकडण्याला तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 आड येतो.

या हवेत लेन्सलाही जपावे लागते. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की काचेवर बुरशीची जाळी पसरते, आणि कोकणात तर सगळा पावसाळा त्याहून दमट असतो. म्हणून सामान घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावे आणि रंग बदललेले जेल तापवून पुन्हा वापरावे. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याचा घरगुती उपाय लोकप्रिय असला तरी तांदूळ ओल फार शोषत नाही, त्याचा कोंडा मात्र फटींत जातो.

काढलेल्या चित्राला तारीख, वेळ, झाडाचे नाव आणि जीव काय करत होता याची नोंद जोडली नाही, तर ते चित्र अभ्यासाला फारसे उपयोगी पडत नाही. पालींच्या बाबतीत तर बोटांखालच्या पट्ट्या आणि खवल्यांची रचना स्पष्ट आल्याशिवाय जाती ठरवणे कठीण असते, आणि अलीकडच्या काळात पश्चिम घाटातून दिवसा वावरणाऱ्या छोट्या पालींच्या कितीतरी नव्या जातींचे वर्णन झाले आहे; त्यामुळे चिऱ्याच्या भिंतीवरच्या पालीचे एक चित्र वरून घेतल्यावर दुसरे तिच्या पायांचे, खिडकीच्या काचेवर ती चढलेली असताना आतल्या बाजूने घ्यावे.