गुरुजी, एम.एड. की एम.ए. शिक्षणशास्त्र? फी भरण्याआधी हे समजून घ्या

जिल्हा परिषदेच्या शाळेत लागून दहा-बारा वर्षं झाली, की बऱ्याच गुरुजींच्या आणि बाईंच्या मनात एक प्रश्न घोळायला लागतो. आता पुढं काय? बारावी, डी.एड. करून नोकरी लागली. नोकरी सांभाळत मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालं, काहींचं बी.एड.ही झालं. आणि मग एक दिवस व्हॉट्सॲपवर मेसेज येतो : 'घरबसल्या एम.एड., हजेरीची अट नाही, फी हप्त्यात.'

इथंच थांबायला पाहिजे. शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी केंद्राची संस्था म्हणजे एनसीटीई. तिच्या 2014 च्या नियमावलीत दूरस्थ पद्धतीनं डी.एल.एड. आणि बी.एड. आहे, एम.एड. नाही. एम.एड. म्हणजे दोन वर्षं कॉलेजात बसून, हजेरी लावून आणि लघुप्रबंध लिहून मिळवायची पदवी. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी द्यावी लागते. फेब्रुवारी 2025 मध्ये एनसीटीईनं नवा मसुदा काढला. त्यात नोकरी करणाऱ्यांसाठी दोन वर्षांच्या अर्धवेळ एम.एड.ची तरतूद सुचवली होती. पण मसुद्याच्या भरवशावर कोणी फी मागत असेल तर सावध राहिलेलं बरं.

मग घरी राहून काहीच करता येत नाही का? येतं की. एम.ए. शिक्षणशास्त्र करता येतं. 'इग्नू'मध्ये हा अभ्यासक्रम दूरस्थ आहे, कोणत्याही शाखेचा पदवीधर तो करू शकतो आणि दोन वर्षांचा अभ्यास चार वर्षांपर्यंत लांबवता येतो. यूजीसीची मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. फक्त एक फरक पक्का लक्षात ठेवायचा. एम.ए. ही विषयाची पदवी आहे, शिकवण्याचं प्रशिक्षण नव्हे. जिथं जाहिरातीत 'एम.एड.' लिहिलंय, तिथं एम.ए. चालेलच असं नाही. नावं सारखी वाटतात म्हणून फसगत होते ती इथंच.

कुठल्या पदवीनं कुठलं दार उघडतं?

सहावी ते आठवीला पदवीधर शिक्षक व्हायचं असेल तर विषयाची पदवी आणि शिक्षक प्रशिक्षण महत्त्वाचं, त्यासाठी एम.एड.च्या मागं धावायची गरज नाही. बी.एड. राहिलं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.एड. सेवेतल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठीच आहे. पुढं डी.एड., बी.एड. कॉलेजात शिकवायचं स्वप्न असेल, तर मात्र एम.एड.ला पर्याय शोधत बसू नये. बी.एड. कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला त्यावर नेट, सेट किंवा पीएच.डी.ही लागते. शिक्षणशास्त्रातली नेट परीक्षा एम.ए.वाल्यांनाही देता येते, ही एम.ए.ची जमेची बाजू.

आणि टीईटी? 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे, त्या सेवेतल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं. पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांना नोकरीत सूट आहे, पण पदोन्नती पाहिजे तर टीईटी लागणारच. म्हणजे भिंतीवर एम.एड.चं प्रमाणपत्र लावलं तरी टीईटी सुटत नाही. ज्यांची टीईटी बाकी आहे त्यांनी यंदा तिचाच अभ्यास करावा, पदवी वर्षभर थांबली तरी चालेल. त्या पेपरात 150 पैकी 30 गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे असतात, तेवढा भाग पुढं एम.ए.लाही कामी येतो.

पोरांना काय फायदा?

गावकऱ्यांना खरा रस यातच असतो. गुरुजी परीक्षा देत फिरणार आणि वर्ग वाऱ्यावर, अशी तक्रार पारावर ऐकू येते, आणि ती दर वेळी खोटी नसते. पण अभ्यास नीट झाला तर वर्गात फरक दिसतो. समजा दोनशिक्षकी शाळा आहे, चौथीतली पाच-सहा पोरं अजून अडखळत वाचतात. घरी भिल्ली किंवा कोलामी बोलणाऱ्या पोराला पुस्तकातली मराठी परकी वाटते. एरवी 'लक्षच देत नाही' म्हणून विषय संपतो. कृतिसंशोधन शिकलेला शिक्षक आधी प्रत्येकाचं वाचन ऐकून नोंद करतो : कोण जोडाक्षराला अडतं, कोणाला शब्दाचा अर्थच लागत नाही. मग महिना-दोन महिने एक उपाय करतो. घरच्या भाषेतल्या गोष्टी पोरांकडूनच सांगून घेतो, त्या फळ्यावर लिहितो, वाचून घेतो. पुन्हा नोंद घेतो आणि फरक नाही पडला तर उपाय बदलतो. लघुप्रबंधाचा विषय असा आपल्याच वर्गातून निवडला तर अभ्यास आणि शाळा दोन्ही एकत्र चालतात. दुकानातून तयार प्रबंध विकत आणला तर पदवी मिळेल, पोरं आहेत तिथंच राहतील.

प्रवेशाआधीची कामं

कार्यालयाची पूर्वपरवानगी लेखी घ्यावी, अर्जाच्या पोचप्रतीसह. पूर्णवेळ एम.एड. असेल तर रजा मंजूर झाल्याशिवाय प्रवेश पक्का करू नये. एकाच दिवशी शाळेत आणि कॉलेजात, अशा दोन्ही हजेऱ्या सापडल्या तर नोकरीच अडचणीत येते. कॉलेजचं नाव एनसीटीईच्या आणि दूरस्थ अभ्यासक्रम यूजीसीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा, एजंटानं पाठवलेल्या फोटोवर विसंबू नये. निकाल लागल्यावर मूळ गुणपत्रक दाखवून सेवापुस्तकात नोंद करून घ्यावी आणि त्या पानाची झेरॉक्स घरी ठेवावी.