मिसळून न जाणारे अणू

थर्मासमधल्या गरम दुधात थंड दूध ओतून झाकण घट्ट लावले, की थोड्या वेळाने सगळे दूध सारखेच कोमट होते. कोणी ढवळावे लागत नाही. रेणूच एकमेकांवर आदळून उष्णता वाटून घेतात. गरम किती होते नि थंड किती, हे नंतर त्या दुधावरून सांगता येत नाही. हाच औष्णिक समतोल.

पुंजभौतिकीत मात्र बाहेरच्या जगापासून पूर्ण तोडलेल्या कणसमूहातली माहिती कधीच पुसली जात नाही. मग समतोल येतो कसा? जोश डॉइच (१९९१) आणि मार्क स्रेड्निकी (१९९४) यांच्या कामातून उत्तर आकाराला आले. माहिती नाहीशी होत नाही, ती सगळ्या कणांच्या आपसातल्या गुंत्यात विखुरते. मोजक्या कणांकडे पाहणाऱ्याला ती सापडत नाही. त्या कणांसाठी उरलेला समूहच उष्णतेच्या साठ्यासारखा वागतो.

या नियमाला अपवाद आहेत. रचनेत पुरेशी अव्यवस्था असेल तर कण जागच्या जागी अडकू शकतात, हे फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्येच दाखवले होते. पण खरा धक्का २०१७ मध्ये बसला, आणि तोही अव्यवस्थेशिवाय.

हार्वर्डच्या मिखाईल लुकिन यांच्या गटाने रुबिडियमचे ५१ अणू लेझरच्या चिमट्यांनी एका रांगेत धरले. प्रत्येक अणूला दोनच स्थिती, शांत किंवा उत्तेजित. जणू खाली किंवा वर टोक असलेले छोटे चुंबक. अट एवढीच, की शेजारचे दोघे एकाच वेळी उत्तेजित होऊ शकत नाहीत. एकाआड एक अणू उत्तेजित करून रांग मोकळी सोडली, तेव्हा नक्षी विरली, मग उलटी उमटली, मग पुन्हा पहिल्यासारखी झाली. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वेळ हे आंदोलन चालू राहिले. गंमत अशी, की तीच रांग सगळे अणू शांत ठेवून सुरू केली तर ती निमूटपणे समतोलाकडे जाते.

२०१८ मध्ये सैद्धांतिकांनी कारण शोधले. या रांगेच्या असंख्य ऊर्जा-अवस्थांमध्ये मोजक्याच वेगळ्या असतात आणि त्यांच्या ऊर्जा जवळजवळ समान अंतरावर असतात. एकाआड एक नक्षी प्रामुख्याने त्यांच्यापासूनच बनते, म्हणून ती तालात परत येते. या अवस्थांना ‘पुंज व्रण’ म्हणतात. व्रणही कायमचे नाहीत, नक्षी हळूहळू फिकट होतेच. २०२१ मध्ये याच गटाने लेझरची कंप्रता ठरावीक तालात कमीजास्त केली, आणि तिचे आयुष्य वाढवले.