पेटंट क्रमांक १,११३,१४९

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रिचमंड हिल नावाची वस्ती आहे. ए. एच. ग्रीब अँड कंपनीचे रेडिओ तिथे तयार होत. काळंभोर पॅनेल, त्यावर कोरलेले आकडे, आणि आर्मस्ट्राँगच्या पेटंटचा क्रमांक : १,११३,१४९. गिऱ्हाइकाचं त्या आकड्याकडे लक्ष जाई की नाही, कोण जाणे. कंपनीचं नशीब मात्र त्यालाच बांधलेलं होतं.

आल्फ्रेड ग्रीबचा जन्म १८९५चा. पोरवयातच तो बिनतारीच्या नादी लागला, जहाजांवर ऑपरेटर म्हणून फिरला आणि मग घरीच सुटे भाग बनवून विकू लागला. घेणारे त्याच्याच जातकुळीचे : रात्र रात्र कानाला हेडफोन लावून दूरचा ठोका पकडणारे हौशी. अमेरिका महायुद्धात उतरली तशी, एप्रिल १९१७मध्ये, सरकारने हौशींची सगळी केंद्रं बंद पाडली. १९१९मध्ये बंदी उठली, तेव्हा खिळखिळी जुळणी करण्याऐवजी चांगला तयार संच विकत घ्यायला ही मंडळी राजी होती.

पेटंट होतं एडविन आर्मस्ट्राँगचं. व्हॉल्व्हमधून मोठा होऊन निघालेल्या संकेताचा थोडा भाग पुन्हा त्याच व्हॉल्व्हच्या तोंडाशी सोडायचा, म्हणजे तो आणखी मोठा होऊन बाहेर पडतो. एका व्हॉल्व्हमध्ये तीन-चारांचं काम. तेव्हा एकेक व्हॉल्व्ह पाच-साडेसहा डॉलरला पडे, शिवाय तो बॅटरी खाई तो खर्च वेगळा. म्हणून ही युक्ती सोन्यासारखी. खोड एकच. बटण जरा जास्त फिरलं की संच शिट्टी घालू लागे, आणि एवढ्यावर न थांबता स्वतःच लहरी सोडू लागे. मग शेजारच्या घरातल्या रेडिओतही तीच शिट्टी. त्या काळी शेजाऱ्यांची भांडणं यावरूनही झाली असतील, याबद्दल मला फारशी शंका नाही.

प्रतिस्पर्धी संशोधक ली डी फॉरेस्टशी चाललेल्या पेटंटच्या दाव्यांमुळे आर्मस्ट्राँगला पैसा हवा होता. त्याने काही लहान कारखानदारांना परवाने दिले, पण अट घालून : संच फक्त हौशींना आणि प्रयोग करणाऱ्यांना विकायचे. ग्रीब त्यांतलाच एक. ऑक्टोबर १९२०मध्ये आर्मस्ट्राँगने पेटंट वेस्टिंगहाउसला विकलं. त्याच्या आणि त्याचे प्राध्यापक मायकेल प्यूपिन यांच्या पेटंटांचे मिळून ३,३५,००० डॉलर ठरले. आणि पुढच्याच महिन्यात, २ नोव्हेंबरला, पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल ऐकवले. गाणी आणि बातम्या ऐकायला अख्खी अमेरिका रेडिओ मागू लागली. कालपर्यंत चार हौशींपुरते असलेले परवाने रातोरात दुर्मीळ झाले. सिनसिनाटीचा रेडिओ कारखानदार पॉवेल क्रॉस्ली याला असा परवाना हवा होता, तर त्याने प्रिसिजन इक्विपमेंट नावाची परवानाधारक कंपनीच विकत घेतली.

ग्रीबला ही यातायात करावी लागली नाही. त्याच्या सीआर मालिकेतला सीआर-९ दिवाणखान्यांत पोहोचला. अट कागदावर होती. पण दुकानातून संच उचलणारा माणूस ‘हौशी’ नाही, हे सिद्ध कोण करणार? या संचांत मला आवडते ती एक किरकोळ गोष्ट. मोठ्या तबकडीच्या कडेला टेकून एक छोटं चाक असे. ते बोटाने फिरवलं की तबकडी केसभर सरके आणि निसटतं स्टेशन हाती लागे. जहाजावर ऑपरेटरकी केलेल्या माणसालाच सुचावी अशी ही सोय.

परवान्याच्या जिवावर फार काळ भागणार नव्हतं, हे ग्रीबने ओळखलं होतं. १९२४च्या अखेरीस त्याने ‘सिंक्रोफेज’ काढला. पाच व्हॉल्व्हचा संच, महोगनीची पेटी, किंमत १५५ डॉलर, व्हॉल्व्ह वेगळे. आत कॉइलच्या जोड्या दुर्बिणीच्या नळ्यांसारख्या शेजारी-शेजारी, उलट दिशांनी गुंडाळलेल्या. एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरी खोडून काढे, म्हणून एका टप्प्यातला संकेत दुसऱ्यात घुसून गोंधळ घालत नसे. कंडेन्सरच्या पत्र्यांचा आकारही मुद्दाम बदललेला, त्यामुळे तबकडीच्या एका टोकाला होणारी स्टेशनांची दाटी गेली. पुढे तिन्ही तबकड्या साखळीने जोडल्या : एक फिरवली की तिन्ही फिरत. जाहिरातींत ‘डॉक्टर म्यू’ नावाचा चिनी ज्ञानी उपदेश करी. म्यू हे व्हॉल्व्हच्या वर्धनाचं चिन्ह. ज्याला ते कळे तो खूष, बाकीच्यांना चिनी म्हाताऱ्यावर समाधान मानावं लागे.

रेडिओ विकायचा तर ऐकायला काही हवं. म्हणून १९२४मध्ये ग्रीबने स्वतःचं केंद्र काढलं : डब्ल्यूएएचजी, म्हणजे त्याचीच आद्याक्षरं. पुढे एक फिरतं केंद्र ट्रकवर चढलं, दुसरं नौकेवर. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ला. तोवर ग्रीबचं केंद्र ‘अटलांटिक ब्रॉडकास्टिंग कंपनी’च्या नावाने डब्ल्यूएबीसी झालं होतं.

संचांचं मात्र बिनसत चाललं होतं. घरातल्या विजेवर चालणारे, एकाच बटणाचे संच आले आणि बॅटरीच्या जमान्यातली कारागिरी एकदम जुनी दिसू लागली. १९२९च्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतर लोक स्वस्त माल शोधू लागले. माझ्या मते ग्रीबची अडचण हीच : ज्या नेटकेपणावर त्याचं नाव होतं, तोच आता परवडेना. तिशीच्या दशकाच्या आरंभी कंपनी कोलमडली. १९३५मध्ये ग्रीब वारला, वय चाळीस.

केंद्राला मात्र आधीच नवा मालक मिळाला होता. १९२८च्या अखेरीस विल्यम पेलीच्या कोलंबिया कंपनीने, म्हणजे पुढच्या सीबीएसने, न्यूयॉर्कमध्ये पाय रोवण्यासाठी डब्ल्यूएबीसी ताब्यात घेतलं. पुढे एबीसी नावाचं स्पर्धक जाळं उभं राहिलं आणि सीबीएसच्या मुख्य केंद्राने प्रतिस्पर्ध्याचं नाव मिरवणं विचित्र दिसू लागलं. १९४६मध्ये ते केंद्र डब्ल्यूसीबीएस झालं. मोकळी झालेली चार अक्षरं १९५३मध्ये एबीसीने न्यूयॉर्कमधल्या आपल्या केंद्रासाठी घेतली.