स्वामित्वधन, वेतन आणि लाभांश : कापूस-बियाण्याच्या वादातील तीन संज्ञा

बीड जिल्ह्यातील गेवराई, माजलगाव, वडवणी या भागांतील शेतकरी खरिपाच्या प्रारंभी बीटी कापसाच्या बियाण्याचे पाकीट विकत घेतो, तेव्हा त्याने दिलेली किंमत अनेक वाटेकऱ्यांत विभागली जाते. जनुकाच्या मालकास (2020 पर्यंत) स्वामित्वधन, बियाणे-कंपनीच्या चालकांस वेतन आणि भागधारकांस लाभांश मिळतो. या तिन्ही संज्ञा 'मोबदला' या एकाच अर्थाच्या वाटल्या, तरी त्यांमागील हक्कांचा क्रम भिन्न आहे.

बीटी कापसास भारतात 2002 मध्ये मान्यता मिळाली. हे तंत्र मोन्सॅन्टो आणि बीडच्या शेजारील जालन्याची महिको यांच्या संयुक्त कंपनीमार्फत इतर बियाणे-कंपन्यांस परवान्याने दिले जाई. राज्य सरकारांनी बियाण्याच्या किमती नियंत्रित केल्यावर स्वामित्वधनही त्या प्रमाणात घटावे, असा आग्रह नुझिवीडू सीड्स या परवानाधारक कंपनीने धरला. 2015 मध्ये तिचा परवाना रद्द झाला व वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. त्याच वर्षीच्या किंमत-नियंत्रण आदेशाने स्वामित्वधनही शासनाच्या कक्षेत आणले आणि 2016 मध्ये बोलगार्ड-2 च्या पाकिटाची कमाल किंमत 800 रुपये व तीतील स्वामित्वधन 49 रुपये ठरले. पूर्वीच्या मानाने ही सुमारे 70 टक्के कपात होती. 2020 मध्ये ते शून्यावर आले.

न्यायालयीन प्रश्न मात्र शब्दार्थाचा होता. एकस्व, म्हणजेच पेटंट, वनस्पतीस वा बियाण्यास मिळत नाही. मग बियाण्यात उतरविलेला जनुकक्रम बियाण्याचा भाग मानावा की स्वतंत्र शोध? उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल 2018 मध्ये एकस्व अवैध ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तो निर्णय रद्द करून प्रकरण पुराव्यानिशी चौकशीसाठी परत पाठविले. 2021 मध्ये पक्षकारांत तडजोड झाली आणि प्रश्न अनिर्णित राहिला.

आता क्रम पाहावा. स्वामित्वधन हा परवानाधारक कंपनीच्या दृष्टीने खर्च होय. नफा मोजण्यापूर्वीच तो वजा होतो. वेतनही करारानुसार आधीच देय असते. 'लाभांश' या शब्दात मात्र अटच दडलेली आहे : प्रथम लाभ, नंतर त्याचा अंश. म्हणून स्वामित्वधन घटले, तर उरलेला पैसा कोणाकडे जावा, हा चालक व भागधारक यांमधील प्रश्न बनतो. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 197 अन्वये सार्वजनिक कंपनीच्या संचालकांचे व व्यवस्थापकांचे एकूण पारिश्रमिक सामान्यतः निव्वळ नफ्याच्या 11 टक्क्यांहून अधिक नसावे. ही मर्यादा ओलांडण्यास भागधारकांची संमती लागते. अर्थात नफा वाढला की वेतनाची कमाल मर्यादाही वर सरकते.

भागधारकांची संमती गृहीत धरता येत नाही, याचे उदाहरण परदेशात आढळते. मोन्सॅन्टो 2018 मध्ये बायर या जर्मन कंपनीने विकत घेतली. तिच्यासोबत आलेल्या तणनाशकविषयक दाव्यांनी भागधारकांचे मोठे नुकसान झाले, आणि 2022 च्या वार्षिक सभेत त्यांनी चालकांच्या वेतनाचा अहवाल बहुमताने फेटाळला. ते मत सल्लावजाच होते, तरी असंतोष नोंदविण्यास सभा होती.

शेतकऱ्यास अशी सभा नाही. 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने बोलगार्ड-2 कापसाचे अतोनात नुकसान केले. जनुकाची उपयुक्तता ज्या अळीपुढे ओसरली होती, त्याच जनुकाचे 49 रुपये त्या वर्षीच्याही कमाल किमतीत धरलेले होते. स्वामित्वधनाचा हक्क विक्रीने पुरा होतो, वेतनाचा कराराने, लाभांशाचा नफ्याने. पीक हाती येण्याची अट यांपैकी एकाही संज्ञेत नाही. ती अट एकट्या कापूस-उत्पादकाच्या वाट्यास येते, आणि तिच्यासाठी या व्यवहाराच्या परिभाषेत अद्याप शब्द नाही.