टीव्ही म्हणतो 'फॉरमॅट करा', तेव्हा आधी 'नाही' म्हणा



लग्नाचं शूटिंग, बारशाचे फोटो, आजीनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या, बचत गटाच्या मेळाव्याचं चित्रीकरण हे सगळं हल्ली हार्ड डिस्कमध्ये नाहीतर पेन ड्राइव्हमध्ये असतं. सणाला माणसं जमली की ते टीव्हीच्या मीडिया प्लेअरला जोडायचं आणि मिळून बघायचं. या प्लेअरला आपण घरात नुसतं 'बॉक्स' म्हणतो. पण कधी कधी चित्राऐवजी अक्षरं येतात: ड्राइव्ह वाचता येत नाही, फॉरमॅट करायचा का? शेजारी बसलेलं कुणी म्हणतं, "कर की हो!" तर आधी तिथे 'नाही' म्हणा. फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे, भरलेली पाटी पुसून कोरी करणं. बहुतेक वेळा डिस्क चांगली असते, फक्त बॉक्सला ती वाचता येत नसते.

मग करायचं काय? डिस्क संगणकाला लावून बघा. तिथे उघडली तर जीव भांड्यात पडला. लगेच त्यातल्या मोलाच्या गोष्टींची संगणकावर प्रत करून घ्या. पुढचे सगळे प्रयोग त्यानंतर. संगणकावरही उघडत नसेल आणि आतून कट-कट आवाज येत असेल, तर पुन्हापुन्हा जोडून बघू नका. त्यानं नुकसान वाढतं. डेटा परत काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

डिस्क चांगली आहे, तरी बॉक्सवर दिसत नाही? आधी वीज तपासा. छोट्या हार्ड डिस्कला वेगळा चार्जर नसतो, ती बॉक्सच्या यूएसबीवरच चालते. साधं जुनं यूएसबी ५०० मिलिअँपिअर वीज देतं, यूएसबी ३ मध्ये ९०० मिळते. डिस्कमधली मोटर फिरायला लागताना वीज जास्त खेचते. कमी पडली की दिवा लुकलुकतो, नाव दिसतं आणि गायब होतं. अशा वेळी आखूड, चांगली वायर लावा, दुसऱ्या यूएसबीत जोडून बघा, किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मधे घाला. पेन ड्राइव्ह चालतो आणि हार्ड डिस्क चालत नाही, तर संशय आधी विजेवरच घ्यावा.

वीज ठीक असेल तर डिस्कची मांडणी बघा. संगणकावर डिस्कच्या नावावर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे 'फाइल सिस्टिम'समोर फॅट३२, एनटीएफएस किंवा एक्सफॅट असं लिहिलेलं असतं. फॅट३२ जवळजवळ सगळे बॉक्स वाचतात, पण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. लग्नाची लांबलचक फाइल तिथेच अडते. एनटीएफएस आणि एक्सफॅट प्रत्येक बॉक्सला जमतातच असं नाही. मॅक संगणकावर तयार केलेली डिस्कही बऱ्याच बॉक्सना कळत नाही. बॉक्सच्या पुस्तिकेत काय चालतं ते दिलेलं असतं. सगळा माल दुसरीकडे उतरवल्यावर, तो उघडतो याची खात्री करून, मगच त्याप्रमाणे फॉरमॅट करा. आणि डिस्क कधी ओढून काढू नका. आधी 'इजेक्ट' म्हणा, मग काढा.

फाइल दिसते पण आवाज येत नाही, किंवा आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो? मग डिस्कचा दोष नाही. त्या फाइलची घडण बॉक्सला कळत नाही. संगणकावर व्हीएलसी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घालून ती चालवून बघा. चालली तर एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेल्या एमपी४ मध्ये बदलून घ्या.

काही जणी डिस्क न जोडता संगणकावरचंच वायफायवरून बघतात. तिथे तीन गोष्टी बघा. दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर हवीत. पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' वायफायवर ती एकमेकांना सहसा दिसत नाहीत. संगणक झोपलेला नको. आणि विंडोजमध्ये घरच्या नेटवर्कला 'प्रायव्हेट' म्हटलेलं हवं. बॉक्स फार जुना असेल तर तो एसएमबी१ नावाची जुनी पद्धत मागतो. २०१७च्या अखेरीपासून विंडोज १० नव्यानं टाकलं की ती बंदच असते. कुणी ती चालू करून देतो म्हणालं, तर नको म्हणा. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा घातक प्रोग्रॅम याच पद्धतीतल्या फटीतून जगभर पसरला होता. त्यापेक्षा पेन ड्राइव्ह बरा.

हे सगळं करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते कागदावर लिहून ठेवा. दुकानात जायची वेळ आलीच तर तो कागद सोबत न्या. आणि ज्या रेकॉर्डिंगमधलं माणूस पुन्हा तसं गाणार नाही, त्याच्या दोन प्रती हव्यातच. एक आपल्याकडे, दुसरी बहिणीच्या किंवा लेकीच्या घरी. ती दुसरी प्रत या आठवड्यातच करून टाका.