सातबाऱ्याचे दप्तर हलवताना

"सर्व्हर बंद आहे" हे वाक्य आता आपल्या बोलीतलेच होऊन गेले आहे. पौडच्या तहसील कचेरीत जा, बँकेत जा, नाहीतर गावातल्या सेवा केंद्रावर जा, कधी ना कधी ते कानावर पडतेच. पुष्कळदा त्यामागे बिघाड असतो. पण काही वेळा सर्व्हर मुद्दाम, आधी सूचना देऊन बंद ठेवलेला असतो. त्यावरची माहिती सांभाळणारी प्रणाली जुनी झालेली असते आणि तिच्या जागी नवी आवृत्ती बसवायची असते. माझा व्यवसायच हा असल्याने हे काम कसे चालते आणि त्यात सामान्य माणसाचे काय पणाला लागलेले असते, ते आज सांगतो. उदाहरण घेऊ सातबाऱ्याचे.

मुळशीला जमिनीच्या कागदाचे मोल शिकवावे लागत नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो जमिनीसाठीच. पुढे हिंजवडीला आयटी पार्क उभे राहिले आणि एकेका गुंठ्याला भाव आला. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. जमीन कोणाच्या नावे, किती क्षेत्र, कोणता बोजा, हे सातमध्ये, पीकपाणी बारामध्ये. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे नोंदीत एक अक्षर किंवा एक आकडा चुकला, तर ती चूकच खरी धरली जाते आणि ती खोटी ठरवण्याचे ओझे शेतकऱ्यावर पडते.

पूर्वी हे दप्तर तलाठ्याकडे रुमालात बांधलेले असे. (तलाठ्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) आता ते सर्व्हरवर असते. तिथे दप्तर म्हणजे डेटाबेस, आणि ते लावणारा, मागितलेला कागद क्षणात काढून देणारा, दोघांना एकाच ओळीवर एकाच वेळी खाडाखोड करू न देणारा कारकून म्हणजे डेटाबेस व्यवस्थापन प्रणाली. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल ही अशा प्रणालींची नावे. आवृत्ती बदलणे म्हणजे कारकून बदलणे. दप्तर तेच राहिले पाहिजे.

चाललेले काम चालू द्यावे, कारकून कशाला बदलायचा, असे कोणीही विचारेल. कारण असे की, प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. पोस्टग्रेएसक्यूएलची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००८ ची मुदत ९ जुलै २०१९ रोजी संपली. मुदतीनंतर एखादी फट सापडली तर सहसा ती कोणी बुजवून देत नाही, आणि ती फट चोरांना मात्र ठाऊक झालेली असते.

बदल दोन प्रकारचे. किरकोळ दुरुस्तीची आवृत्ती बसवताना दप्तराला हात लागत नाही. काही मिनिटांत काम होते. मोठ्या आवृत्तीत माहिती डिस्कवर मांडण्याची रीत बदललेली असू शकते. मग एकतर सगळी माहिती बाहेर काढून नव्या प्रणालीत पुन्हा भरायची, किंवा आहे त्याच जागी तिचे रूपांतर करायचे. पहिल्या रीतीत वेळ जास्त जातो, पण प्रत्येक ओळ नव्याने तपासली जाते. दुसरी झटपट होते. मात्र जुन्यात दडलेले दोष तसेच पुढे येऊ शकतात.

आपल्या भाषेच्या काही खास अडचणी आहेत. युनिकोड रुजण्यापूर्वी मराठी मजकूर बहुधा विशिष्ट फॉन्टच्या भरवशावर टंकलेला असे. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर अगम्य चिन्हे दिसत. असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे जपावी लागतात. युनिकोडमध्येही गंमत आहे. 'कुऱ्हाडे' हे आडनावच घ्या. त्यातला 'ऱ' एका संकेताने लिहिता येतो, किंवा साधा 'र' आणि खाली नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच; संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी आडनावे असू शकतात. एकाच खातेदाराची अशाने दोन माणसे होतात.

दुसरी अडचण जागेची. युनिकोडच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'पांडुरंग' या नावाला २४ बाइट होतात. रकाना २० बाइटांचा ठेवला असेल तर काही प्रणाली स्वच्छ नकार देतात, तर काही ढिल्या मांडणीत नाव मुकाट्याने छाटून टाकतात. नकार परवडला, मुकाट्याने केलेली छाटणी नको.

तिसरी अडचण अनुक्रमाची. नाव पटकन सापडावे म्हणून प्रणाली अनुक्रमे लावलेली सूची ठेवते. २०१८ मध्ये लिनक्सच्या एका मूलभूत आज्ञासंचात अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. जुन्या क्रमाने लावलेली सूची नव्या नियमाने शोधताना, असलेली नोंदही "नाही" म्हणून सांगितली जाऊ शकत होती. उपाय सोपा, सूची नव्याने बांधायची. पण ते आधी ठाऊक हवे.

क्षेत्राचेही तसेच. शंभर चौरस मीटरचा एक आर, शंभर आरांचा एक हेक्टर. हे आकडे दशांशात काटेकोर ठेवायचे असतात. प्रणालीत अंदाजे साठवण्याचा एक आकड्यांचा प्रकार असतो, तो इथे चालत नाही. शेवटचे स्थळ डळमळते. म्हणून बदलानंतर मी आधी बेरजा पाहतो. नोंदींची संख्या पूर्वीइतकीच आहे का, गावातल्या सर्व सातबाऱ्यांचे क्षेत्र आकारबंदाशी जुळते का. जुन्या कारकुनांची ही ताळा पाहण्याची रीत संगणकालाही तितकीच लागू पडते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, राखीव प्रत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. राखीव प्रती शोधायला गेले तर नेहमीची प्रत तयारच होत नव्हती. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा झाला होता, आणि प्रत काढणारे साधन मात्र ९.२ चेच चालत होते. अपयश कळवणाऱ्या ई-मेलही पोहोचत नव्हत्या. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाती लागली, म्हणून बाकीचे वाचले. प्रत काढली एवढ्यावर भागत नाही. ती दुसऱ्या यंत्रावर उघडून वाचून पाहिली, तरच ती प्रत म्हणायची.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवतात: आधी वेगळ्या सर्व्हरवर रंगीत तालीम, त्यात लागलेल्या वेळेची नोंद, मग पूर्ण प्रत, मग नव्या नोंदी थांबवून बदल, नंतर ताळा. ठरल्या वेळेत ताळा जुळला नाही तर निमूटपणे जुन्यावर परत यायचे, नव्या नोंदी सुरू होण्यापूर्वी. त्यानंतर परतायचे तर मधल्या नोंदी हरवतात.

शेवटचा ताळा मात्र यंत्राला जमत नाही. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी जुळवण्यासाठी राज्यात गावोगावी चावडी वाचन झाले, ते याचसाठी. आपले क्षेत्र आणि आपल्या चुलत्याचे नाव आपल्याइतके कोणत्या प्रणालीला माहीत असणार? १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला आहे. वर्षातून एकदा तो काढा, नाव, क्षेत्र, बोजा जुन्या उताऱ्याशी ताडून पाहा. लेखनप्रमाद दिसला तर कलम १५५ खाली दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. आणि जुना हस्तलिखित उतारा घरात असेल, तर तो मुळीच फेकू नका. तुमच्यापुरती तीच राखीव प्रत आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)